मलावीत आरोग्य केंद्र आहे, औषधं आहेत, तरी माणसं उशिरा का येतात? सोलापूरहून जाणाऱ्या पथकासाठी माहिती हवी

जुळे_सोलापूर_सिस्टर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातून आम्ही पाच जण (तीन सिस्टर, एक फार्मासिस्ट, एक लॅब टेक्निशियन) दोन वर्षांसाठी दक्षिण मलावीत जातोय. शिरे नदीच्या खोऱ्यात, चिक्वावा जिल्ह्यात, एका मिशन रुग्णालयाच्या खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांवर काम आहे. कामाच्या वर्णनात एक वाक्य ठळक करून दिलंय: 'सेवांचा वापर वाढवणे'.

तिथून आलेल्या कागदांत तीन-चार तक्रारी वारंवार दिसतात. गरोदर बाई पहिल्या तपासणीला पाचव्या-सहाव्या महिन्यात येते. तापाचं मूल तिसऱ्या दिवशी येतं, तोवर झटके सुरू झालेले असतात. एचआयव्हीची औषधं घेणारे मधेच गायब होतात. आणि सगळ्याचं कारण म्हणून शेवटी 'जनजागृतीचा अभाव' असं लिहिलेलं आहे.

सांगोला-मंगळवेढ्याच्या वाड्यावस्त्यांवर आशाताईंबरोबर काम केलेली माणसं आम्ही आहोत. 'लोक अडाणी म्हणून येत नाहीत' या उत्तरावर आमचा विश्वास नाही. पण तिथलं खरं कारण काय, ते शोधायचं कसं आणि पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय हातात घ्यायचं? मलावीची किंवा आजूबाजूच्या देशांची माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहावं. पोस्टर-फलकांचे सल्ले नकोत, कृपया.

डॉ_सात_रस्ता

ताई, प्रश्न योग्य जागी धरलात. एक आकडा आधी बघा, म्हणजे दिशा कळेल. मलावीच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ९१ टक्के बाळंतपणं आरोग्य संस्थेत झालेली दिसतात. त्याच सर्वेक्षणात मातामृत्यू मात्र एक लाख जिवंत जन्मांमागे ४३९. म्हणजे बायका येतायत. आल्यावर दारात, टेबलावर आणि रक्तपेढीत काय घडतं हा प्रश्न आहे. त्याच अहवालात पहिल्या तिमाहीत तपासणीला येणाऱ्या फक्त २४ टक्के, आणि चार किंवा जास्त तपासण्या झालेल्या ५१ टक्के. एकदा तरी येणाऱ्या जवळपास सगळ्याच. ही माणसं दवाखान्याला नाकारत नाहीत. प्रत्येक फेरीचा हिशेब करतात आणि जी फेरी वाया जाईल असं वाटतं ती टाळतात.

वाया का जाते ते पाहा. पोट दिसायच्या आधी बाई आली तर केंद्रात बहुतेक वेळा लघवीची गर्भचाचणी पट्टी नसते. पोटाला हात लावून गर्भाशय लागत नाही म्हणून 'पुढच्या महिन्यात ये' असं सांगून परत पाठवतात. सात-आठ किलोमीटर चालून आलेली बाई पुन्हा लवकर कशाला येईल? दुसरं, नवऱ्याला सोबत आणण्याचा आग्रह. एचआयव्ही तपासणी जोडप्याने व्हावी हा हेतू चांगला, पण अंमलबजावणी अशी की जोडीने आलेल्यांना रांगेत पुढे घेतात आणि एकटीला मागे ठेवतात, नाहीतर गावप्रमुखाचं पत्र आणायला सांगतात. ज्यांचा नवरा दक्षिण आफ्रिकेत किंवा मोझांबिकमध्ये मजुरीला गेलाय, किंवा ज्यांना सोडून गेलाय, त्या सगळ्यात गरजू बायका या नियमानेच गळतात. तिसरं, बाळंतपणाला येताना आणायच्या वस्तूंची यादी: प्लॅस्टिकचा कागद, ब्लेड, बादली, दोन-तीन चितेंजे (कमरेला गुंडाळायचं छापील कापड). नवं कापड नाही म्हणून लाजेने शेवटपर्यंत घरी थांबणाऱ्या असतात.

उशिराची कारणं शोधायला तीन टप्प्यांची जुनी मांडणी अजून उपयोगी आहे, १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन यांनी मांडलेली: जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. बहुतेक प्रकल्प पहिल्या टप्प्यावर पैसे ओततात कारण त्यात दोष लोकांवर जातो. तुम्ही तिसऱ्यापासून उलटं या. तो तुमच्या हातात आहे.

पहिले १५ दिवस हे करा. मागच्या १२ महिन्यांची गरोदर माता नोंदवही घ्या आणि पहिल्या भेटीच्या वेळचे आठवडे गावानुसार लिहून काढा. अपेक्षित गरोदर माता लोकसंख्येच्या साधारण ५ टक्के धरण्याची तिथे पद्धत आहे. २०,००० लोकवस्तीला वर्षाला १,०००, म्हणजे महिन्याला ८३ च्या आसपास. मात्र जन्मदर उतरतोय, त्यामुळे हा आकडा फुगीर निघू शकतो आणि तुमचं काम आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. म्हणून टक्केवारीपेक्षा गावागावांतला फरक बघा. सारख्याच अंतरावरच्या दोन गावांतून येणाऱ्यांत दुप्पट तफावत असेल तर मधे नदी, भाड्याची होडी, किंवा केंद्रात झालेला एखादा अपमान सापडतो.

मग सलग पाच दिवस दारात बसून प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर चार वेळा टाका: आला कधी, पहिल्यांदा कोणी पाहिलं, औषध कधी मिळालं, गेला कधी. तिथे प्रत्येकाकडे 'हेल्थ पासपोर्ट' नावाची छोटी वही असते, ती रुग्ण स्वतः सांभाळतो. ती मागे उलटून बघितलीत की माणूस आधी कुठे गेला होता, काय मिळालं, काय संपलं होतं, सगळं दिसतं. इतका चांगला माहितीचा साठा आपल्याकडच्या केसपेपरात नाही.

शुल्काबद्दल एक गोष्ट पक्की विचारून घ्या. मलावीत सरकारी सेवा मोफत आहे, मिशनच्या संस्था शुल्क घेतात. काही ठिकाणी सरकार आणि मिशन यांच्यात करार असतो, त्यात माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा खर्च सरकार देतं. तुमच्या केंद्राला तो करार लागू आहे का, आणि सरकारकडून पैसे थकले की केंद्र पुन्हा शुल्क सुरू करतं का? तसं होत असेल तर लोकांना आज फुकट, उद्या पैसे असा अनुभव येतो आणि ते गंभीर होईपर्यंत थांबतात.

होटगी_रोड_फार्मासिस्ट

डॉक्टरांच्या मुद्द्याला पुढे नेतो. मोफत केलं की वापर वाढतो हे खरं. युगांडाने २००१ मध्ये सरकारी केंद्रांतलं शुल्क काढलं आणि गर्दी वाढली. पण औषधं संपू लागली, लोक खाजगी दुकानातून विकत घेऊ लागले आणि सगळ्यात गरीब घरांचा खिशातला खर्च अपेक्षेइतका उतरला नाही. रिकामी कपाटं असलेलं मोफत केंद्र हे महागडंच असतं.

तुमच्या फार्मासिस्टने पहिल्या आठवड्यात साठा पत्रकं बघावीत. चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी असते: मासिक खप काढताना औषध संपलेले दिवस वजा केलेले नसतात. उदाहरण घ्या. तीन महिन्यांत ९०० गोळ्या गेल्या, पण ९० दिवसांपैकी ३० दिवस साठा शून्य होता. ९०० भागिले ३ करून ३०० लिहिलं तर पुढची मागणीही अपुरी, आणि टंचाई कायमची. बरोबर हिशेब असा: ९०० भागिले ६० दिवस, गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ४५०. तीन महिन्यांचा कमाल साठा ठेवायचा असेल आणि हातात २०० असतील तर मागणी ४५० गुणिले ३, वजा २००, म्हणजे १,१५०.

तरी हिवतापाच्या औषधाला हाही हिशेब पुरत नाही. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, रुग्ण त्याच काळात वाढतात आणि खालच्या शिरे खोऱ्यात रस्ते त्याच काळात पाण्याखाली जातात. ऑगस्ट-ऑक्टोबरच्या कोरड्या महिन्यांच्या सरासरीवर डिसेंबरची मागणी केलीत तर फसाल. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा खप घ्या आणि ऑक्टोबर संपायच्या आत माल केंद्रात आणा.

आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची, म्हणजे तिथल्या हिवतापाच्या नेहमीच्या गोळ्यांची, पाकिटं वजनाप्रमाणे चार आकारांत येतात: एका वेळी १, २, ३ किंवा ४ गोळ्या, अशा सहा मात्रा. लहान मुलांचं पाकीट संपलं की मोठ्याचं कापून देतात. रुग्णाला द्यायलाच हवं, त्यात गैर नाही. पण नोंद 'एक मोठं पाकीट' अशी होते आणि पुढच्या मागणीत लहान पाकिटं पुन्हा कमी येतात. कापलेलं पाकीट कोणत्या वजनाच्या रुग्णाला गेलं ते वेगळ्या रकान्यात लिहा.

आपल्या सवयीची एक धोक्याची गोष्ट. तिथे गरोदर बायकांना हिवताप टाळण्यासाठी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या ३ गोळ्या १३ आठवड्यांनंतर, किमान एक महिन्याच्या अंतराने, निदान तीन वेळा, समोर बसवून देतात. हे औषध फोलेटच्या मार्गावरच काम करतं, त्यामुळे सोबत ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिड गोळी दिली तर त्याचा परिणाम मारला जातो. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास लिहितात, हात तिकडे वळेल. तिथे ०.४ मिलिग्रॅमची द्या. आणि एचआयव्हीसाठी कोट्रायमोक्साझोल घेणाऱ्या बाईला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देऊ नका, दोन्ही सल्फा आहेत.

लसींबद्दल थोडक्यात. हिवतापाची आर-ट्वेंटीवन लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची शिफारस केली. मलावीत त्याआधीची आरटीएस-एस लस २०१९ च्या एप्रिलमध्ये पथदर्शी स्वरूपात सर्वात आधी सुरू झाली होती. दोन्हींच्या चार मात्रा असतात आणि चौथी बऱ्याच महिन्यांनी असल्याने तीच चुकते. आईच्या वहीत चौथीची तारीख पहिल्याच दिवशी लिहून द्या. लस घेतली म्हणून मच्छरदाणी काढू नका, हेही त्याच वेळी सांगा.

अक्कलकोट_लॅब

तापाच्या मुलाचं मी सांगतो, कारण इथे आपलं शिक्षण आणि तिथली गरज यांत मोठं अंतर आहे. सोलापुरात हिवताप म्हटलं की त्यातला सौम्य प्रकार, व्हायव्हॅक्स, डोक्यात येतो, क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन. तिथे जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, जीवघेणा प्रकार, म्हणजे तासांचा खेळ. क्लोरोक्विन मलावीने १९९३ मध्येच सोडलं, आफ्रिकेत सर्वात आधी.

झटपट चाचणी किट सोपी दिसते म्हणून चुका जास्त होतात. पाकीट फोडायच्या आधी मुदत बघा, आतली ओलावा शोषणारी पुडी रंग बदललेली असेल तर किट टाकून द्या. कॅसेटवर नाव आणि वेळ आधी लिहा. रक्त ५ मायक्रोलिटर, किटसोबत आलेल्या नळीनेच. जास्त घेतलं तर पार्श्वभूमी लाल होते आणि फिकट रेघ दिसत नाही. बफरचे थेंब किटवर लिहिलेत तेवढेच, आणि एका कंपनीचा बफर दुसऱ्या किटला कधीही नाही. वाचन छापलेल्या वेळेला, बहुतेक किटमध्ये १५ ते २० मिनिटांनी. गर्दीत पाच मिनिटांत वाचलं की खरा रुग्ण निगेटिव्ह जातो, तासाभराने वाचलं की खोटी रेघ उगवते. नियंत्रण रेघ नसेल तर चाचणी बाद. चाचणी रेघ कितीही फिकट असो, पॉझिटिव्हच.

यातली सर्वात मोठी मर्यादा: ही किट एचआरपी-२ हे प्रथिन पकडते आणि ते उपचारानंतरही कित्येक आठवडे रक्तात राहतं. मागच्या तीन-चार आठवड्यांत पूर्ण औषध घेतलेलं मूल पुन्हा तापाने आलं तर किटवर निर्णय घेऊ नका, काचपट्टी करा. तिथे सूक्ष्मदर्शक असेल तर तुमच्या टेक्निशियनचं खरं मोल याच रुग्णांत आहे. उलट बाजूची अडचण इरिट्रिया-इथिओपियाकडे आहे: तिथल्या काही परजीवींमध्ये ते प्रथिन तयार करणारं जनुकच गळलेलं आहे, त्यामुळे हिवताप असून किट निगेटिव्ह. सहकारी तिकडचे असतील तर ते किटवर विश्वास का ठेवत नाहीत हे त्यावरून समजेल.

निगेटिव्ह आलेल्या मुलाला काय देता यावर गावाचा विश्वास ठरतो. 'मलेरिया नाही, जा' म्हणून रिकाम्या हाताने पाठवलं की पुढच्या वेळी आई थेट दुकानात जाते. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना: २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया धरून २५० मिलिग्रॅमची विरघळणारी ॲमॉक्सिसिलिन, बाळाला १, १ ते ३ वर्षांत २ आणि ३ ते ५ वर्षांत ३ गोळ्या, दिवसातून दोनदा, ५ दिवस. जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक, सहा महिन्यांखाली १० आणि वर २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस.

पॉझिटिव्ह असेल तर पहिली मात्रा केंद्रातच, दूध किंवा तेलकट खाण्यासोबत, कारण ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्या. दुसरी मात्रा ८ तासांनी, पुढच्या सकाळ-संध्याकाळ, तिसऱ्या दिवसापर्यंत. गडबड दुसऱ्या मात्रेतच होते: दुपारी दोनला पहिली दिली तर दुसरी रात्री दहाला येते, घरात घड्याळ नसतं, मूल झोपलेलं असतं. आईशी बोलून झोपायच्या वेळेशी ती वेळ जुळवून सांगा.

झटके, शुद्ध हरपणं, काहीच न पिणं, सगळं उलटून टाकणं यातलं एक जरी असेल तर गोळ्यांच्या भानगडीत पडू नका. आर्टेसुनेट इंजेक्शन, २० किलोखाली किलोला ३ मिलिग्रॅम, त्यावर २.४. ६० मिलिग्रॅमच्या कुपीत आधी १ मिलि बायकार्बोनेट, द्रावण स्वच्छ झाल्यावर शिरेतून द्यायला ५ मिलि सलाईन, स्नायूत द्यायला २ मिलि. तयार द्रावण तासाभरात वापरा. गावपातळीवर सहा वर्षांखालच्या मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेट कॅप्सूल देता येते, पण ती फक्त वाटेतला वेळ विकत घेते. नायजेरिया, युगांडा आणि काँगोत ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली, तेव्हा पुढे रुग्णालयात नेण्याची सोय आणि तिथला पूर्ण उपचार कच्चा असल्याने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. कॅप्सूलची पेटी मागवण्याआधी मोटारसायकल ॲम्ब्युलन्सचं पेट्रोल कोण भरतं ते विचारा.

जाता जाता: शिरे खोऱ्यात बिल्हार्झिया (नदी-तळ्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार) भरपूर आहे. लघवीचा नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळातच घ्या, अंडी तेव्हा जास्त पडतात. बायकांत हाच आजार जननमार्गात होतो, अंगावरून रक्त जातं, आणि केंद्रात त्याला लैंगिक आजार समजून नवऱ्याची चौकशी सुरू होते. त्या बाईने पुन्हा पाऊल ठेवलं नाही तर दोष तिचा नाही. प्राझिक्वांटेल किलोला ४० मिलिग्रॅम, एकच मात्रा.

जुळे_सोलापूर_सिस्टर

खूप मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. गर्भचाचणी पट्ट्या यादीत टाकल्या, फॉलिक ॲसिडचं तर ध्यानातच नव्हतं.

दोन शंका. पहिली, तिथल्या एका गावात प्रमुखाने घरी बाळंत होणाऱ्या कुटुंबाला दंड लावलाय, कोंबडी किंवा शेळी. केंद्रातले कर्मचारी म्हणतात यामुळेच आकडे सुधारले. हे पुढे चालू ठेवायला हवं का? दुसरी, एचआयव्हीचे गायब झालेले रुग्ण परत कसे आणायचे? घरी गेलं तर शेजाऱ्यांना कळतं.

पार्क_चौक_आरोग्यसेविका

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या पथकाने त्याला हातभार लावू नये. दंड नेमका कोणाला बसतो? जिची कळ रात्री सुरू झाली, नदीला पाणी होतं आणि जी वाटेतच बाळंत झाली तिला. शेळी देण्यापेक्षा घरची माणसं बाळंतपण लपवतात, म्हणजे बाळाचं वजन नाही, लस नाही, आईला ताप आला तरी केंद्रात आणत नाहीत. आकडा सुधारतो, बाई दूर जाते. मलावीत २००७ मध्ये पारंपरिक सुइणींवर बंदी आली, २०१० मध्ये ती शिथिल झाली. त्या काळात सुइणींचं काम थांबलं नाही, फक्त गुपचूप झालं. गावप्रमुखाशी भांडू नका, तो तिथला मोठा आधार आहे. त्याला दंडाऐवजी दुसरं काम द्या: रात्रीच्या बैलगाडीची किंवा सायकल-स्ट्रेचरची पाळी लावणं. मान राहतो आणि शेळीही वाचते.

डॉ_सात_रस्ता

थोडा वेगळा सूर लावतो. प्रमुखांचा पुढाकार सगळाच वाईट नव्हता. काही ठिकाणी त्यांनी नवऱ्यांना कामाला लावलं, गावात गरोदर बायकांची यादी ठेवली. दंड बाजूला ठेवा पण ती यादी सोडू नका.

पार्क_चौक_आरोग्यसेविका

यादी हवीच, सर. फक्त ती आरोग्य कर्मचाऱ्याकडे असावी, दरबारात वाचली जाऊ नये.

बाळंतपणाआधी राहायची खोली, म्हणजे प्रतीक्षागृह, यावर जास्त जोर द्या. इथिओपिया, झांबिया, झिम्बाब्वेतही ती आहेत. ३६-३८ आठवड्यांपासून दूरच्या बायका तिथे येऊन राहतात. इमारत बांधून फोटो काढले जातात आणि वर्षभरात ती रिकामी पडते, कारण खाण्याची सोय नसते. बाई स्वतःचं मक्याचं पीठ घेऊन येते, सोबत एखादी नातेवाईक येते, दोघींना सरपण लागतं, पाणी लागतं, रात्री संडासच्या वाटेवर उजेड लागतो. जानेवारी ते मार्च हे तिथले टंचाईचे महिने, मागचा मका संपलेला आणि नवा उभा. त्या तीन महिन्यांत घरातलं पीठ उचलून बाई कशी येईल? थोडे पैसे असतील तर ते रंगरंगोटीत न घालता त्या तीन महिन्यांच्या पिठात, डाळीत आणि सरपणात घाला. घरी राहिलेल्या मुलांकडे कोण बघणार हा प्रश्न प्रत्येकीला तपासणीच्या वेळीच विचारा. लहान मूल सोबत आणू दिलं तर निम्म्या अडचणी सुटतात.

आता एचआयव्ही. आधी यादीतले 'गायब' कोण ते वेगळे करा. काही जण दुसऱ्या केंद्रातून औषध घेत असतात पण बदलीची चिठ्ठी न घेता गेलेले असतात, काही वारलेले असतात, काही कामासाठी सीमेपलीकडे असतात. उरतात ते खरे थांबलेले. शोध घ्यायच्या आधी नोंदणीच्याच वेळी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारून लिहा: घरी आलेलं चालेल का, फोन केलेला चालेल का, आणि कोणाच्या हाती निरोप द्यायचा. नाही म्हटलं असेल तर जायचं नाही. गेलात तर गणवेशात नको, केंद्राच्या मोटारसायकलवर तर नकोच.

खरं औषध म्हणजे फेऱ्या कमी करणं. मोझांबिकच्या टेटे प्रांतात, जो मलावीला अगदी लागून आहे, २००८ पासून रुग्णांचे सहा-सहा जणांचे गट केले गेले. दर महिन्याला एक जण केंद्रात जातो, स्वतःची तपासणी करून घेतो आणि सहाही जणांची औषधं आणतो. म्हणजे प्रत्येकाला स्वतः जावं लागतं सहा महिन्यांतून एकदा. नवीन सुरू झालेले, गरोदर माता आणि विषाणूभार (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) उतरलेला नसलेले यांना मात्र गटात लगेच टाकत नाहीत. स्थिर रुग्णाला तीन किंवा सहा महिन्यांचं औषध एकदम देण्याची पद्धतही आता रुळली आहे. फार्मासिस्टना सांगून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या आणि कपाटात दोन महिन्यांचा माल अशी गत होते. दुसरं, 'एचआयव्हीचा वार' ठेवू नका. गुरुवारी बाकावर बसलेला प्रत्येक जण ओळखला जातो.

मलावीनेच २०११ मध्ये जगाला एक गोष्ट शिकवली: एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सीडी-४ चाचणीची (प्रतिकारशक्ती किती उरली ते मोजणारी) वाट न बघता त्याच दिवसापासून आयुष्यभराचे उपचार. पण त्याच दिवशी निदान आणि त्याच दिवशी गोळी, हे काहींना पचत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात गळती जास्त असते. पहिल्या दोन आठवड्यांत एक भेट त्या बाईच्या सोयीच्या जागी ठेवा. एचआयव्हीच्या कामाचा मोठा भाग अमेरिकेच्या मदतीवर चालत होता आणि २०२५ च्या जानेवारीत ती मदत थांबवल्याने समुपदेशक आणि शोध घेणारे स्वयंसेवक बऱ्याच ठिकाणी घरी बसले. तुमच्या केंद्रात आज कोण पगारावर आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या.

तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आशा समजू नका. मलावीतले आरोग्य निरीक्षण सहाय्यक सरकारी पगारावर असतात, साधारण १,००० लोकांमागे एक असा हिशेब ठरलेला आहे, लस टोचतात, कुटुंबनियोजनाचं इंजेक्शन देतात, दुर्गम भागात गावातच ताप-न्यूमोनिया-जुलाबाची औषधं देतात. त्यांत पुरुष पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांना शिकवायला जाणार, पण पहिले काही आठवडे त्यांच्या सायकलमागे जा. आणि भाषा: चिचेवा शिकाल, पण चिक्वावात 'सेना' भाषा बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. सोलापुरात पूर्व भागात तेलुगू न येणाऱ्या सिस्टरला जे जाणवतं तेच तिथे होईल. दुभाषा म्हणून रुग्णाच्या नात्यातला माणूस वापरू नका, विशेषतः बाईच्या तपासणीत.

लोक अडाणी नाहीत या ताईंच्या म्हणण्याला एक भक्कम आधार देते. नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणारा लांब जंताचा आजार, जुन्या मंडळींना आठवत असेल. १९८६ मध्ये आशिया-आफ्रिका मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. भारताने २००० मध्ये नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं आणि २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांतले रुग्ण फक्त १४ उरले. त्यावर ना लस आहे ना औषध. चाड, दक्षिण सुदान, माली, घानाच्या गावकऱ्यांनी पाणी कापडातून गाळलं आणि जखम असलेल्या माणसाला तळ्यात उतरू दिलं नाही, एवढ्यावर हे घडलं. सांगितलेली गोष्ट पटणारी आणि परवडणारी असेल तर माणसं करतात.

जुळे_सोलापूर_सिस्टर

ताई, सर, मनापासून आभार. आमचं जाणं ऑक्टोबरमध्ये आहे, म्हणजे पावसाच्या तोंडावर. कॉलऱ्यासाठी केंद्रात पहिल्याच आठवड्यात काय हवं?

होटगी_रोड_फार्मासिस्ट

ऑक्टोबरमध्ये पोचताय तर हे सगळ्यात आधी. २०२२-२३ च्या साथीत मलावीत ५८,००० हून अधिक रुग्ण आणि १,७०० हून अधिक मृत्यू झाले, त्या देशातली सर्वात मोठी साथ. त्यात बरेच जण केंद्रात उशिरा पोचले किंवा पोचलेच नाहीत. म्हणून ओआरएस केंद्राच्या कपाटात साठवून ठेवू नका. प्रत्येक दूरच्या गावात आरोग्य सहाय्यकाकडे पाकिटं, झाकणाची बादली, दोन पेले आणि क्लोरीन असा एक ओआरएस कट्टा पावसाआधी उभा करा.

मात्रा भिंतीवर लिहून लावा. थोडी शुष्कता: किलोला ७५ मिलि ओआरएस, ४ तासांत. गंभीर: रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं सलाईन) किलोला १०० मिलि. वर्षावरच्या सगळ्यांना त्यातले ३० मिलि अर्ध्या तासात आणि ७० मिलि अडीच तासांत. वर्षाखालच्या बाळाला ३० मिलि एका तासात, ७० मिलि पाच तासांत. ६० किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासातच १,८०० मिलि जायला हवं, म्हणजे जाड सुई आणि बहुधा दोन्ही हातांना. बारीक सुई लावून 'सलाईन चालू आहे' म्हणत बसल्याने माणसं जातात. पिऊ शकत असेल तर सोबत ओआरएसही सुरू ठेवा.

क्लोरीन: ७० टक्क्यांची पावडर असेल तर फरशी आणि खाटांसाठी ०.५ टक्के द्रावण, लिटरला ७ ग्रॅम. हातांसाठी ०.०५ टक्के, म्हणजे त्याच द्रावणाचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. दोन बादल्यांचे रंग वेगळे ठेवा, रोज ताजं बनवा, पावडर धातूच्या डब्यात नको. खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली. बादलीवर लिटरच्या खुणा, म्हणजे किती गेलं तेवढं भरून देता येतं.

आणि ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असलं तरी घराघरात एक लिटरचं भांडं नसतं. गावात कोणती बाटली, कोणता मग सगळ्यांकडे आहे ते पहिल्या फेरीत बघा, केंद्रात मोजपात्राने मोजा, आणि 'या मगाने इतके' असं आईच्या हातून एकदा करवून घ्या. कमी पाण्यात मिसळलं तर मीठ जास्त होतं आणि लहान बाळाला तेच बाधतं.